आरामाचं हे पथ्य कुणी लिहून दिलं?

हॉस्पिटलातून घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाभोवती आपल्याकडे एक ठरलेला बंदोबस्त उभा राहतो. दिवाणावर जाडशी गादी, उशाशी स्टूल, स्टुलावर मोजून भरलेला पाण्याचा तांब्या, गोळ्यांचा डबा आणि हाक मारायला मोबाइल. किडनीचा आजार असेल तर भिंतीवर एक कागदही चिकटतो: डाळ नको, नारळपाणी नको, मीठ कमी, पाणी एक लिटर. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातूनच सांगतो, "उठू नका, उठू नका, पडून राहा." चहाचा कप हातात मिळतो, मोजे दुसरं कुणी चढवतं, आंघोळीला प्लॅस्टिकची खुर्ची आणि सोबतीला नातू. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पंधरा दिवसांनी तोच माणूस कमोडवरून उठण्यासाठी दोन्ही हात पुढे करतो, आणि घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "आजारपणानं पार खचले हो."

आजारपणानं थोडे खचले. उरलेलं त्या दिवाणानं केलं.

भांडण आहे ते "आता आराम करा" या सल्ल्याशी. तो डॉक्टर देतात, शेजारी देतात, फोनवरून अमेरिकेतला मुलगा देतो, आणि देणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते की यात धोका असा काही नाही. औषध चुकलं तर अपाय होईल, व्यायाम चुकला तर माणूस पडेल. पण आराम कधी कुणाला बाधलाय? किडनीच्या रुग्णाच्या बाबतीत या सल्ल्याला आणखी चार टेकू मिळतात. व्यायामानं क्रिएटिनीन वाढतं. प्रोटीन बंद असताना स्नायू बनणार कशातून? या वयात अंग धरत नाही. आणि डायलिसिस झाल्यावर त्राण उरतं कुठे? ऐकायला चारही टेकू भक्कम वाटतात. एकेक हलवून पाहायला हवा.

सुरुवात आरामापासूनच. आराम बाधतो, आणि ही बातमी आजची नाही. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरनं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला आणि एकेक अवयव घेऊन पडून राहण्यानं त्याचं काय होतं ते सांगितलं. पुढे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक आढावा आला. वेगवेगळ्या १५ आजारांत किंवा उपचारांनंतर सक्तीचा आराम दिल्यानं काय साधतं, हे तपासणाऱ्या ३९ चाचण्या त्यात एकत्र केल्या होत्या आणि रुग्ण होते पावणेसहा हजारांहून जास्त. आरामानं ठळक फायदा झाला असं एकाही बाबतीत दिसलं नाही. कित्येक बाबतींत तब्येत उलट बिघडली. एखाद्या गोळीचा असा निकाल लागला असता तर ती दुकानातून केव्हाच गायब झाली असती.

स्नायूंचं काय होतं, हे तर काट्यावर मोजलेलं आहे. अमेरिकेत २००७ साली डझनभर धडधाकट ज्येष्ठांना, सरासरी वय ६७, दहा दिवस अंथरुणात ठेवलं. त्यांना ना ताप होता, ना जंतुसंसर्ग, ना सलाइन. जेवण प्रमाणात, प्रोटीन शिफारशीइतकं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस उतरलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद १६ टक्क्यांच्या आसपास घटली. हे निरोगी माणसांचं. अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सोनोग्राफीनं मोजत गेल्यावर दहाव्या दिवशी तो जवळपास १८ टक्क्यांनी आक्रसलेला दिसला. ज्यांचे एकाहून जास्त अवयव निकामी झाले होते, त्यांची झीज आणखी जास्त.

तरुण पोरंही यातून सुटत नाहीत. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी मुलांना तीन आठवडे झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची दमश्वासाची क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त खाली आली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलं होतं.

आता या गणितात किडनीचा रुग्ण घाला. बिघडलेली किडनी रक्तातलं आम्ल पुरतं बाहेर टाकू शकत नाही आणि ते आम्ल स्नायूंमधली प्रथिनं मोडणारी यंत्रणा चालू करून देतं. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देण्यामागचं एक कारण तेही आहे. शरीरात मंद दाह कायम धुमसत असतो. भूक मेलेली असते, तोंडाला धातूसारखी चव येते. इन्सुलिनचा स्नायूंवरचा परिणाम बोथट झालेला असतो. हिमोडायलिसिस चालू असेल तर प्रत्येक फेरीत काही ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात. म्हणजे हा माणूस हॉस्पिटलात शिरण्याआधीच उसनवारीवर जगत असतो. आठ दिवसांचा मुक्काम त्याला निरोगी माणसाच्या आठ दिवसांइतका स्वस्त पडत नाही.

अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमधल्या ३,७०२ रहिवाशांचा डायलिसिस सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा हिशेब २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. वर्षभरात ५८ टक्के दगावले होते. डायलिसिसच्या आधी जेवढं स्वतःचं स्वतः करता येत होतं तेवढं वर्षानंतरही करू शकणारे उरले फक्त १३ टक्के. रक्त शुद्ध होत होतं, पण माणूस उभा राहत नव्हता.

आता सगळ्यांत मोठा टेकू, क्रिएटिनीन. इथे जरा थांबायला हवं, कारण किडनीच्या रुग्णाच्या घरात या आकड्याचा दरारा पंचांगासारखा असतो. रिपोर्ट आला की आधी व्हॉट्सॲपवर आकडा फिरतो. "१.८ होतं, १.४ आलं!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आरामानं गुण दिला असं ठरतं, आणि दिवाणावरचा मुक्काम आणखी पंधरा दिवसांनी वाढतो.

पण क्रिएटिनीन येतं कुठून? किडनीत ते तयार होत नाही. ते तयार होतं स्नायूंत. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्यातला साधारण दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनीन होऊन रक्तात उतरतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: माल किती तयार होतोय आणि निचरा किती होतोय. कापडगिरणीचे निम्मे माग बंद पडले की नाल्यात रंगीत पाणी कमी येतं. त्यावरून नाला साफ झाला असं कुणी म्हणत नाही. महिनाभर पडून राहिलेल्या माणसाची मांडी सुकली की क्रिएटिनीन खाली येतंच. किडनी आहे तिथेच असली तरी येतं.

आकड्यात पाहू. ७४ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनीन १.८. लॅब ज्या सूत्रानं किडनीची गाळण्याची क्षमता काढते त्या २०२१ च्या सूत्रात हा आकडा घातला तर उत्तर येतं ३९. क्रिएटिनीन १.४ झालं की तेच सूत्र ५३ सांगतं. घरच्यांच्या दृष्टीनं किडनी एक तृतीयांशानं सुधारली. खरं तर त्या सूत्राला माणसाच्या मांडीकडे पाहता येत नाही. स्नायू किती असतील याचा अंदाज ते वय आणि लिंग यांवरून बांधतं. ७४ वर्षांचा रोज शेतावर जाणारा गडी आणि ७४ वर्षांचा सहा आठवडे अंथरुणाला खिळलेला माणूस, दोघांना ते एकच माप लावतं. हा घोळ नुसता समाधानापुरता राहिला असता तर एक वेळ चाललं असतं. पण अँटिबायोटिकसारख्या औषधांचा डोस याच आकड्यावरून ठरतो, आणि किडनी आहे त्याहून चांगली दिसली तर डोस जास्त पडतो.

उलटी बाजू याहून वाईट. समजा कुणी धीर करून व्यायाम सुरू केला. तीन महिन्यांत मांडी भरू लागली, जेवण वाढलं, जिना चढता यायला लागला. क्रिएटिनीन १.४ चं १.५ किंवा १.६ झालं. लगेच फोन: "डॉक्टर, व्यायामानं वाढलं वाटतं. बंद करू का?" ज्या आकड्यानं स्नायू गेल्याचा आनंद दिला, तोच आता स्नायू परत आल्याची शिक्षा देतो.

यावर तोडगा आहे. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी महाग पडते, पण तिचा आकडा स्नायूंच्या मापावर फारसा हलत नाही. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, बैठ्या सवयीच्या ज्येष्ठांवर झालेल्या 'लाइफ' चाचणीतल्या ११९९ जणांची किडनी याच तपासणीनं दोन वर्षं पाहिली गेली. एका गटाला चालणं, ताकदीचे आणि लवचीकपणाचे व्यायाम. दुसऱ्या गटाला आरोग्याची माहिती देणारे वर्ग. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची किडनी दुसऱ्या गटापेक्षा हळू घसरलेली दिसली. फरक मोठा नव्हता, दोन वर्षांत एका एककाच्या आसपास. पण व्यायामानं किडनी बिघडते असं म्हणणाऱ्यांना हा निकाल उलट्या दिशेचा आहे, हे मान्य करावं लागेल.

या भीतीला मुळी आधारच नाही, असं मात्र नाही. सवय नसताना एकदम अचाट श्रम केले, उन्हात, पाणी न पिता, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं किडनीत अडकतात आणि ती अचानक बंद पडू शकते. जोराच्या व्यायामानंतर लघवीतून प्रोटीन थोडा वेळ जास्त जातं. रिपोर्टच्या आदल्या संध्याकाळी मटणाचा बेत झाला असेल तर क्रिएटिनीन उड्या मारतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण खुर्चीतून दहा वेळा उठणं आणि मे महिन्यात पहिल्यांदाच गड चढणं यांत फरक करता येत नाही, असं समजायचं कारण नाही.

दुसरा टेकू प्रोटीनचा. इथे भिंतीवरचा तो कागद पुन्हा वाचायला हवा, आणि तो कधीचा आहे हेही पाहायला हवं. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात प्रोटीन मर्यादित ठेवायला सांगतात, ते ठीक. मर्यादित म्हणजे वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३६ ते ४८ ग्रॅम. यात वाटीभर वरण सुखेनैव बसतं. डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो: किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. आणि घरोघर घडतं काय, तर डायलिसिस सुरू होतं पण कागद तोच राहतो. मशीन एका बाजूनं अमिनो आम्लं ओढून नेतं आणि घर दुसऱ्या बाजूनं डाळ बंद ठेवतं. किडनीच्या आजारांसाठीच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तर अशक्त आणि स्नायू झिजलेल्या वृद्धांसाठी प्रोटीन आणि उष्मांकांचं उद्दिष्ट वाढवण्याचा विचार करा, असं स्पष्टच म्हटलेलं आहे. डाळीतल्या पोटॅशियमची भीती असेल तर ती भिजवून, ते पाणी ओतून देऊन शिजवता येते. डाळीतला फॉस्फरस शरीरात पुरता शोषला जात नाही. पाकीटबंद खाद्यपदार्थांत घातलेला मात्र जवळपास सगळा उतरतो. तरी घरात बंद होते ती डाळ, पाहुण्यांनी आणलेली चिवड्याची आणि बिस्किटांची पाकिटं टेबलावरच असतात.

आणि समजा प्रोटीन खरंच कमी ठेवावं लागतंय. तरीही व्यायामाचं नाव काढायचं नाही, हे ओघानं येत नाही. अमेरिकेत बॉस्टनमध्ये किडनी निकामी होत चाललेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या २६ प्रौढ-वृद्ध रुग्णांवर झालेला प्रयोग २००१ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. सगळ्यांचं प्रोटीन किलोमागे सुमारे ०.६ ग्रॅमवर बांधलेलं. निम्म्यांना बारा आठवडे वजनांचे व्यायाम दिले, निम्म्यांना नुसते हलके ताण. कमी प्रोटीन खाऊनही वजनं उचलणाऱ्यांचे स्नायुतंतू जाड झाले आणि ताकद सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची ताकद घटली. हा अभ्यास आता पंचविशीचा होत आला.

वयाचा टेकू एका परिच्छेदात निकालात निघतो. १९९० साली बॉस्टनच्याच एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा रहिवाशांना आठ आठवडे पायांनी भारी वजनं उचलायला लावली. नऊ जणांनी कार्यक्रम पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. यापुढे "सत्तरीत काय अंग धरणार" म्हणणाऱ्यानं निदान आवाज खाली ठेवावा. शंका उरली तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाचा अभ्यास आहे: हॉस्पिटलात अचानक दाखल झालेले ३७० वृद्ध, सरासरी वय ८७. अर्ध्यांना नेहमीची शुश्रूषा, अर्ध्यांना वॉर्डातच रोज दोनदा वीस-वीस मिनिटं ताकद, तोल आणि चालणं. नेहमीची शुश्रूषा मिळालेले घरी जाताना रोजच्या कामांच्या शंभर गुणांच्या मापावर सरासरी पाच गुण गमावून गेले. व्यायामवाले जवळजवळ दोन कमावून.

"अहो, पण ते घरात फिरतात की!" हे उत्तर हमखास येतं. फिरतात म्हणजे हॉलमधून बाथरूमपर्यंत आणि परत. चालणं चांगलंच, पण सपाट फरशीवरच्या वीस पावलांनी मांडीच्या स्नायूवर असा कितीसा भार येतो? स्नायू वाढतो तो त्याला जड वाटेल अशा कामानं. तालमीत जाणाऱ्या कोल्हापूरच्या पोराला हे सांगावं लागत नाही. तो बैठका काढतो. घरच्या आजोबांनाही बैठकच काढायची आहे, फक्त खुर्चीपुरती.

ती कशी, हे जवळून पाहण्यासारखं आहे. न हलणारी लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली, समोर जेवणाचं टेबल किंवा ओट्याची कड, म्हणजे तोल गेला तर धरता येईल. आधी कुल्ले खुर्चीच्या पुढच्या कडेला आणायचे. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. पाय लांब पुढे ठेवून उठायला गेलं की माणूस मागेच पडतो, आणि निम्म्या घरांत नेमकी हीच चूक होते. मग पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं, आणि उठायचं. खरी कमाई उतरताना आहे: धप्प न बसता, मनात एक-दोन-तीन मोजत खाली यायचं. हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर सतरंजीच्या चार घड्या ठेवायच्या. जमू लागलं की दर आठवड्याला एक घडी काढायची. आठ-दहा वेळा उठायचं, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा आठ-दहा. एक दिवसाआड. शेवटच्या दोन वेळांना मांड्या भरून आल्या पाहिजेत. नाहीतर भार कमी पडतोय.

सोबतीला ओट्याला धरून टाचा उचलणं. आणि बसल्या बसल्या गुडघा सरळ करणं, घोट्याला पायमोजा बांधून. मोज्यात अर्धा किलो तूरडाळ. ताटातून हद्दपार झालेली डाळ अशीही कामाला लागते, आणि पुढेमागे ती ताटातही परत यावी.

चौथा टेकू डायलिसिसचा. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेला माणूस संध्याकाळी गळून जातो, हे खरंच आहे. त्या संध्याकाळी त्याला छळू नये. पण एक गंमत पाहा. डायलिसिसच्या सुईसाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं, म्हणजे फिस्टुलाचं, ऑपरेशन झालं की जवळपास प्रत्येक रुग्णाला रबरी चेंडू मिळतो. दिवसातून इतक्या वेळा दाबा, म्हणजे शीर फुगेल, असं सांगतात. रुग्ण दाबतो, बायको मोजते, तंत्रज्ञ शीर चाचपून शाबासकी देतो. म्हणजे व्यायामानं शरीर बदलतं यावर सगळ्यांचा विश्वास आहे, पण कोपराच्या खालपर्यंतच. पायांचा विषय निघाला की तोच रुग्ण नाजूक होतो.

जर्मनीत २१ डायलिसिस केंद्रांत १२११ रुग्ण घेऊन वर्षभर एक चाचणी झाली. निकाल २०२३ मध्ये आला. एका गटाला डायलिसिस चालू असतानाच, पलंगावर किंवा खुर्चीत, पायांनी पेडल आणि ताकदीचे व्यायाम. एका मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, हेच मोजायचं होतं. सुरुवातीला दोन्ही गटांचा आकडा सोळाच्या आसपास. वर्षानं व्यायामाचा गट एकोणीसवर गेला आणि दुसरा पंधराच्याही किंचित खाली घसरला. व्यायाम करणारे हॉस्पिटलात राहिलेही कमी दिवस. इटलीत तर मशीनजवळ कुणी उभंही नव्हतं: २९६ डायलिसिस रुग्णांच्या चाचणीत व्यायामाच्या गटानं घरीच, ठरवून दिलेल्या गतीनं चालण्याचा साधा कार्यक्रम सहा महिने केला, आणि सहा मिनिटांत कापायचं अंतर ३२८ मीटरवरून ३६७ वर गेलं. डायलिसिसवर व्यायाम करायचा तर पहिल्या दोन तासांत, एवढं पथ्य पुरतं. नंतर रक्तदाब उतरू लागतो.

इथवर वाचून एखादा चाणाक्ष डॉक्टर वेगळाच आक्षेप घेईल, आणि तो घरच्यांच्या आक्षेपांपेक्षा जड आहे. यातले बरेच अभ्यास लहान आहेत. सिडनीला डायलिसिस रुग्णांवर वजनांच्या व्यायामाचा बारा आठवड्यांचा प्रयोग झाला, तेव्हा स्नायूचा दर्जा आणि ताकद सुधारली, पण मांडीच्या स्नायूचा आकार ठळकपणे वाढला नाही. हृदय निकामी होऊन दाखल झालेल्या ३४९ वृद्धांना वॉर्डापासूनच व्यायाम देणाऱ्या २०२१ च्या अमेरिकी चाचणीत उठणं-चालणं चांगलंच सुधारलं, पण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण फारसं घटलं नाही. व्यायामानं आयुष्य वाढतं हे या रुग्णांत सिद्ध कुठे झालंय?

झालेलं नाही, आणि इथे तसा दावाही नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला विचारून पाहावं की त्याला काय हवंय. बहुतेकांचं उत्तर संडासाच्या दारापाशी येऊन थांबतं: तिथे एकट्याला जाता यावं. त्यासाठी स्नायूचा छेद किती चौरस सेंटिमीटर वाढला याला महत्त्व नाही. खुर्चीतून उठता येतं का याला आहे, आणि वर सांगितलेल्या अभ्यासांत सुधारलेलं नेमकं तेच आहे. शिवाय पुराव्याची मागणी दोन्हीकडून सारखीच व्हायला हवी. व्यायामाचा पुरावा तोकडा म्हणणाऱ्यानं आरामाचा पुरावा एकदा टेबलावर ठेवावा.

थांबायचं कधी, हे अर्थातच माहीत हवं. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, पायांवर किंवा फुप्फुसात पाणी चढलेलं, ताप, रक्तदाब भलताच वर किंवा उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, पोटॅशियम वाढल्याचा ताजा रिपोर्ट: यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. मांडीत डायलिसिसची नळी असेल तर त्या पायाचा व्यायाम विचारल्याशिवाय करू नये. मधुमेह आणि इन्सुलिन असेल तर साखर उतरण्याकडे लक्ष हवं, कारण बिघडलेली किडनी इन्सुलिन लवकर मोडत नाही आणि व्यायाम साखर आणखी उतरवतो; खिशात साखरेची पुडी असू द्यावी. ही यादी लांबलचक वाटते, पण इतकीच लांब यादी भिंतीवरच्या आहाराच्या कागदावर असते आणि तरी जेवण बंद होत नाही.

खरी अडचण वैद्यकशास्त्रात नाहीच, घरात आणि वॉर्डात आहे. दिवसभर कामावर असणारी सून, स्वतः गुडघे धरून चालणारी बायको, बारा तासांची ड्यूटी करणारी आयाबाई. यांच्यापैकी कुणी मोजायचं? म्हाताऱ्याला उचलून बसवणं पाच सेकंदांचं काम. तो स्वतः उठेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभं राहायला दोन मिनिटं लागतात, आणि बघणाऱ्या नातेवाइकांना ते निर्दयपणाचं वाटतं. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट असतो-नसतो. सरकारी योजनेतून डायलिसिसचे पैसे भागतात. डायलिसिस केंद्रात टीव्ही असतो, एसी असतो, पलंगाखाली पेडल क्वचित दिसतं.

आणि डिस्चार्ज कार्ड. त्यावर औषधांची नावं असतात, डोस असतो, पुढची तारीख असते, दाखल होतानाचं आणि घरी जातानाचं क्रिएटिनीन शेजारी शेजारी छापलेलं असतं. सल्ल्याच्या रकान्यात अनेकदा एकच शब्द: रेस्ट. वॉर्डातून व्हीलचेअर निघण्याआधी कुणी त्या माणसाला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि किती वेळा उठता येतं ते मोजलं, तर मिनिटभर जाईल. लॅबचा खर्च नाही. तो आकडा क्रिएटिनीनच्या खाली लिहावा, आणि सहा आठवड्यांनी फेरतपासणीला आल्यावर आधी तो पुन्हा मोजावा, मग रक्त घ्यावं.